नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं नाही
"काका, हे खरेदीखत नाही." शिवाजीनगर कोर्टाजवळच्या आमच्या ऑफिसात हे वाक्य बोलायची वेळ आली की आजही जिवावर येतं. समोरचा माणूस प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून जपून कागद काढतो. १०० रुपयांचा स्टॅम्पपेपर, दोघांच्या सह्या, साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. शहराबाहेर गुंठाभर जागा घेतलेली आणि त्यात निवृत्तीची सगळी पुंजी घातलेली. शिक्का खरा असतो, सह्याही खऱ्या असतात. जागा मात्र कायद्याने अजून विकणाऱ्याचीच असते.

नोटरी एवढंच सांगतो की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. त्याची ओळख पटवून तो आपल्या रजिस्टरमध्ये नोंद करतो. प्रतिज्ञापत्राला तेवढं पुरतं. नोंदणी होते दुय्यम निबंधकासमोर (सब-रजिस्ट्रार), म्हणजे पुण्यात हवेली तालुक्याच्या एखाद्या नोंदणी कार्यालयात. तिथे मुद्रांक शुल्क भरावं लागतं, फोटो आणि अंगठे घेतात, दस्ताला क्रमांक पडतो, प्रत सरकारदप्तरी राहते आणि हातात सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), म्हणजे व्यवहाराचा सरकारी गोषवारा, मिळते. उद्या तीच जागा कुणी दुसऱ्याला विकायला निघाला, तर घेणाऱ्याला शोध घेताना हा व्यवहार सापडतो. नोटरीच्या रजिस्टरमध्ये असा शोध घ्यायला कोण जाणार?

१९०८च्या नोंदणी कायद्यानुसार १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचा हक्क द्यायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. सह्या झाल्यापासून मुदत चार महिन्यांची, दंड भरून आणखी चार. तीही उलटली की नव्याने दस्त करायचा, आणि खरा घोळ इथेच होतो. मधल्या काळात विकणारा वारलेला असतो, जागेचा भाव चढलेला असतो आणि वारस म्हणतात, आम्हाला काही माहीत नाही.

भाडेकराराबाबत तर गैरसमज घरोघरी आहे. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी चालते,' असं सर्रास ऐकू येतं. इतर राज्यांत चालत असेल, महाराष्ट्रात नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. आता तर एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, मग टाळायचं कशाला?

मृत्युपत्राचं वेगळं आहे. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोटरीची गरज नाही, नोंदणीही ऐच्छिक. तरी मी नोंदवायलाच सांगते, कारण कागद गहाळ झाला तरी प्रत सरकारदप्तरी सापडते.

एक मात्र ध्यानात ठेवा. विकणारा खरा मालक आहे का, याची चौकशी दुय्यम निबंधक करत नाही. त्यासाठी सातबारा, फेरफार, जुने दस्त असा निदान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा लागतो, आणि तो विसार देण्याआधी. आमच्याकडे बहुतेक लोक येतात ते पैसे देऊन झाल्यावर.