वानखडे आणि वानखेडे यांच्यातलं अंतर

पेरणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या एका गावातल्या अर्ज भरायच्या केंद्रावर बसलो होतो. एका काकांचा अर्ज अडला होता. सातबाऱ्यावर ‘वानखडे’, आधारवर ‘वानखेडे’. “मानूस त मीच हाय ना भाऊ,” काका पुन्हा पुन्हा सांगत होते.

ही दोन नावं एकच आहेत का, असं संगणकाला विचारलं तर तो ‘नाही’च म्हणणार. विचारायला हवं ते हे, की किती वेगळी आहेत? रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये सोपं माप दिलं: अक्षरासमोर अक्षर ठेवा आणि न जुळणाऱ्या जागा मोजा. पण त्याला दोन्हीकडची लांबी सारखी लागते. संगणक मात्रा वेगळी साठवतो, त्यामुळे ‘वानखडे’ची चिन्हं ६ आणि ‘वानखेडे’ची ७. ‘ख’च्या पुढे सगळं एक घर सरकतं. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये वेगळं माप मांडलं: एक चिन्ह घालणं, गाळणं किंवा बदलणं, अशा कमीत कमी किती दुरुस्त्या लागतात? इथं उत्तर १.

दुसरा जुना प्रश्न असा: दोन्ही नावांत त्याच क्रमानं येणारी, मधली सुटली तरी चालतील अशी, जास्तीत जास्त चिन्हं किती? इथं ६.

या दोन प्रश्नांचं नातं मला कपाशीच्या वावरात दिसतं. चौफुलीवर लावलेलं वावर, जिथं डवरा उभाही चालतो आणि आडवाही. उभ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एका नावाची ६ चिन्हं, आडव्या धुऱ्यावर दुसऱ्याची ७. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचं. सरळ पाऊल म्हणजे एक चिन्ह गाळणं किंवा घालणं, त्याला १ रुपया. ज्या चौकटीत, म्हणजे घरात, दोन्ही चिन्हं जुळतात तिथं तिरपं जा, फुकट. नुसतं सरळ गेलात तर १३ रुपये. प्रत्येक तिरपं पाऊल एक उभं आणि एक आडवं वाचवतं, म्हणजे २ रुपये. सहा तिरप्या पावलांत १२ वाचले, उरला १. सर्वांत स्वस्त वाट तीच, जिच्यात तिरपी पावलं सर्वांत जास्त. खर्च कमी करणं आणि जुळणी वाढवणं हा एकच प्रश्न निघाला!

फरक पडतो तो ‘बदलणं’ आलं की. लेव्हेनश्टाइन न जुळणाऱ्या घरातही १ रुपयात तिरपं जाऊ देतात. मराठी माणसासारखं अक्षरांनी मोजा: वा-न-ख-डे, वा-न-खे-डे. बदल चालत असेल तर अंतर १. नुसतं गाळणं-घालणं असेल तर ४ अधिक ४ वजा जुळलेल्या ३ अक्षरांची दुप्पट ६, म्हणजे २. म्हणून मराठीत काय मोजतोय, अक्षर की चिन्ह, हे आधी ठरवायलाच हवं.

वावर भरायची रीत सोपी आहे. प्रत्येक घर आपल्या वरच्या, डावीकडच्या आणि तिरप्या शेजाऱ्यालाच विचारतं. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये प्रथिनांच्या साखळ्या अशाच जुळवल्या, फक्त पावलांचे भाव वेगळे लावले.

‘वानख’सारखा सलग जुळणारा तुकडा शोधणं याच कुटुंबातलं भावंड वाटतं, पण ते फार सोपं आहे. पीटर वाइनर यांनी १९७३ मध्ये दिलेल्या झाडासारख्या रचनेमुळे अख्खं वावर तुडवावंच लागत नाही. अंतराचं तसं नाही. दोन्हीकडे एक लाख अक्षरं असली की घरं १००० कोटी. बॅकर्स आणि इंडिक यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की यापेक्षा बरीच वेगवान रीत सापडली तर तर्कशास्त्रातल्या एका प्रसिद्ध कोड्याच्या अवघडपणाबद्दलचं मोठं गृहीतक कोसळेल. त्याच वर्षी जुळणीच्या प्रश्नाबद्दलही तेच सिद्ध झालं.

काकांच्या नावाला घरं लागतात फक्त ४२. पण ‘उईके’ आणि ‘उके’ यांच्यातलं अंतरही १ च, आणि ती दोन वेगळी आडनावं आहेत. म्हणून १ आलं की अर्ज फेटाळू नये, आपोआप पासही करू नये. तो केंद्रावरच्या माणसासमोर यावा, आणि त्यानं काकांना वडलांचं नाव आणि गट नंबर विचारावा.