ड्रॉइंगरूममध्ये चित्र कोण काढतं?

ड्रॉइंगरूममध्ये कुणी ड्रॉइंग काढत बसलंय, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही. ही मुळात ‘विथड्रॉइंग रूम’, म्हणजे चारचौघांतून उठून मागे सरायची खोली. १७व्या शतकात पुढचं ‘विथ’ गळालं आणि चित्रकलेशी भलतंच नातं जुळलं.

पण चित्राचा ‘ड्रॉ’ आणि मागे सरण्याचा ‘ड्रॉ’ एकच. अर्थ ओढणं. जुन्या इंग्रजीत तो ‘ड्रागन’ होता. त्यातला ‘ग’ घशात घासून उच्चारायचे; तो मऊ होत होत ‘व’कडे झुकला. आजच्या स्पेलिंगमधला शेवटचा डब्ल्यू ही त्याचीच खूण. धनुष्याचा ‘बो’ही असाच ‘बोगा’पासून आला. व्हायकिंगांची नॉर्स भाषा जिथे मिसळली, त्या उत्तरेकडच्या बोलींत मात्र ‘ग’ टिकला. तोच ‘ड्रॅग’. जर्मनमधला भाऊबंद ‘ट्रागन’ ओढायचं सोडून चक्क वाहून नेऊ लागला.

लेखणी कागदावरून ओढली की रेघ उमटते. चित्र काढण्याचा अर्थ तिथून आला. आपणही रेघ ओढतोच की! टेबलाचा ड्रॉवर ओढूनच उघडतो, आणि ड्राफ्ट बिअर म्हणजे पिंपातून ओढून घेतलेली. मराठी मात्र एका क्रियापदावर भागवत नाही. आपण विहिरीतून पाणी शेंदतो, तलवार उपसतो, चिठ्ठी काढतो, विडीचा झुरका ओढतो. इंग्रजीत या सगळ्याला ‘ड्रॉ’ चालतो.

लॅटिनमध्ये ओढण्याला ‘त्राहेरे’ म्हणत. एकामागून एक डबे ओढत नेणारी ‘ट्रेन’ फ्रेंचमार्गे त्यातूनच निघाली. ‘अट्रॅक्ट’ म्हणजे स्वतःकडे ओढणं, ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे बाहेर ओढून काढणं. आता संस्कृत ‘कृष्’ धातू घ्या. त्याचाही अर्थ ओढणं: ‘आ’ लावलं की आकर्षण, ‘निस्’ लावलं की निष्कर्ष. दोन्ही धातू वेगळे, पण उपसर्ग लावून अर्थ फिरवायची रीत हुबेहूब तीच. मला यातली सर्वांत मजेची जोडी शेतात सापडते. जमिनीतून नांगर ओढायचा म्हणून ‘कृष्’वरून कृषी, आणि त्याच नांगराला जुंपलेला ‘ट्रॅक्टर’ लॅटिन ‘त्राहेरे’चा, म्हणजे शब्दशः ‘ओढणारा’.