स्तन काढल्यानंतर : पुनर्रचना, कृत्रिम स्तन की सपाट छाती?

आम्ही सिलिकॉनचे कृत्रिम स्तन आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या खिशाच्या ब्रा माप घेऊन बसवून देतो. आमच्याकडे येणाऱ्या काही जणींचे स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन गेलेले असते, काहींचे व्हायचे असते. हे पत्रक दोघींसाठी आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कृत्रिम स्तन हा तीन मार्गांपैकी एक मार्ग आहे. शस्त्रक्रियेने स्तनाची पुनर्रचना करून घेणे, किंवा काहीही न लावता सपाट छातीने वावरणे, हेही तितकेच रास्त आहे. आपला विचार पक्का नसेल तर खरेदीची घाई करू नका.

जिवाचा प्रश्न आणि आकाराचा प्रश्न

हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की निर्णय सोपा जातो. कॅन्सर किती कापायचा, रेडिएशन द्यायचे की नाही, केमो आधी की नंतर, हे आजार ठरवतो. छातीचा आकार कसा राखायचा हे तुम्ही ठरवता.

पूर्ण स्तन काढला तरच जीव वाचतो, अशी समजूत अजून घरोघरी आहे. ही समजूत चाचण्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच तपासायला घेतली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये 'बी-०६' चाचणी सुरू झाली. इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी त्याच दशकात अशीच चाचणी केली. कोणाचा पूर्ण स्तन काढायचा आणि कोणाची फक्त गाठ व भोवतालचा भाग, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना चोख झाली. दोन्ही चाचण्यांचा वीस वर्षांचा हिशोब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दोन्हींत जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले. मात्र फिशर यांच्या चाचणीत गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. म्हणून 'स्तन वाचवला' याचा अर्थ बहुतेक वेळा 'गाठ काढली आणि रेडिएशनही पूर्ण केले' असाच धरायचा. गाठ मोठी असेल, एकाच स्तनात दूरदूर गाठी असतील किंवा रेडिएशन देता येत नसेल, तर पूर्ण स्तन काढावाच लागतो.

काखेतल्या गाठींचेही (म्हणजे लसिकाग्रंथींचेही) तसेच. पूर्वी त्या सरसकट काढत. आता आधी पहिल्या एक-दोन पहारेकरी गाठी, म्हणजे स्तनातला द्रव ज्यांत सर्वांत आधी पोहोचतो त्या, काढून तपासतात, कारण त्याचा हाताच्या सुजेशी थेट संबंध आहे. उपलब्ध अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये काढलेल्या सरासरीनुसार, काखेतल्या सगळ्या गाठी काढल्यावर साधारण पाचात एकीच्या हाताला सूज येते. फक्त पहारेकरी गाठी काढल्यावर ती साधारण अठरात एकीला येते. तुमच्या काखेतून किती गाठी काढल्या हे डिस्चार्ज कार्डावर असते. माप घ्यायला येताना ते कार्ड आणा. ब्राची बगलेकडची कड किती उंच घ्यायची आणि पट्टा किती रुंद ठेवायचा, हे आम्ही त्यावरून ठरवतो.

पुनर्रचनेबद्दल संशोधन काय सांगते

पुनर्रचनेच्या मुख्य पद्धती दोन. एकीत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवतात. बहुधा आधी स्नायूखाली किंवा कातडीखाली एक रिकामी पिशवी, म्हणजे एक्स्पांडर ठेवतात. जखम भरली की दर आठ-पंधरा दिवसांनी त्यात सुईने थोडे थोडे सलाइन भरून कातडी ताणतात आणि काही महिन्यांनी पिशवी काढून कायमचे इम्प्लांट बसवतात. बहुतेक एक्स्पांडरच्या तोंडाशी लोहचुंबक असते. ते आत असताना एमआरआय करायची वेळ आली, तर तिथल्या तंत्रज्ञाला आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

दुसऱ्या पद्धतीत पोटावरची, पाठीवरची किंवा मांडीची स्वतःचीच कातडी व चरबी वापरतात. पोटावरचा भाग स्नायू न कापता उचलून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याच्या शस्त्रक्रियेला 'डीप फ्लॅप' म्हणतात. ती सहा-आठ तास चालू शकते. जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर फ्लॅप, म्हणजे उचलून लावलेला भाग, वाचवायला हातात मोजके तास असतात. म्हणूनच पहिल्या दिवशी परिचारिका तासातासाने फ्लॅपचा रंग आणि उबदारपणा बघतात.

या दोन पद्धतींची मोठी तुलना अमेरिका आणि कॅनडातल्या ११ केंद्रांनी मिळून केली. तिचे दोन वर्षांचे निकाल २०१८ मध्ये आले. २,३४३ स्त्रियांपैकी जवळजवळ ३३ टक्के जणींना काही ना काही गुंतागुंत झाली, सुमारे १९ टक्के जणींना त्यापायी पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावे लागले आणि सुमारे १० टक्के जणींच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. 'एकदा ऑपरेशन झाले की संपले' असे गृहीत धरून सुट्टी आणि घरची व्यवस्था आखली, तर तीनात एकीचे गणित बिघडते, एवढाच त्यांचा अर्थ.

त्याच अभ्यासात समाधान मोजायला 'ब्रेस्ट-क्यू' ही प्रश्नावली वापरली होती. स्तनाचे रूप, मनःस्थिती, लैंगिक आयुष्य, छातीचा व पोटाचा त्रास अशा प्रत्येक बाबीला ती ० ते १०० गुण देते. उत्तरे रुग्ण स्वतः देते, डॉक्टर नाही, हे तिचे मोल. दोन वर्षांनी स्वतःच्या ऊतींनी, म्हणजे स्वतःच्याच कातडी-चरबीने, पुनर्रचना केलेल्या स्त्रिया इम्प्लांटवाल्यांपेक्षा अधिक समाधानी दिसल्या. पण पोटावरून भाग घेतलेल्यांचे पोट ऑपरेशनआधीसारखे झालेले नव्हते. अशक्तपणा आणि ओढ दोन वर्षांनीही जाणवत होती. ज्यांच्या कामात वाकणे-उचलणे रोजचे आहे, त्यांनी हा मुद्दा सर्जनशी मोकळेपणाने बोलावा.

पुनर्रचना करणाऱ्या आणि न करणाऱ्या यांची तुलना वाचताना मात्र सावध राहा. इथे चिठ्ठी टाकता येत नाही, जी ती आपल्या मनाने निवडते. पुनर्रचना करणाऱ्या बहुधा वयाने लहान आणि प्रकृतीने धडधाकट असतात. तेव्हा 'त्या जास्त आनंदी आहेत' यातले किती श्रेय शस्त्रक्रियेचे, हे त्या आकड्यातून सुटे करता येत नाही.

रेडिएशन असेल तर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. शरीर इम्प्लांटभोवती एक पातळ वेष्टण तयार करतेच. रेडिएशनमुळे ते जाड आणि आखूड होते, इम्प्लांट आवळले जाते, वर सरकते, कडक लागते आणि दुखते. वर सांगितलेल्या अकरा केंद्रांच्या अभ्यासात रेडिएशन झालेल्या इम्प्लांटवाल्यांपैकी सुमारे ३९ टक्के जणींना दोन वर्षांत गुंतागुंत झाली. स्वतःच्या ऊती वापरलेल्यांत रेडिएशननंतरही हे प्रमाण सुमारे २६ टक्के राहिले. म्हणून रेडिएशन लागणार हे नक्की असेल, तर पुष्कळ सर्जन आधी रेडिएशन उरकून, कातडी मऊ पडायला साधारण सहा महिने ते वर्षभर थांबून मग फ्लॅप करतात. या मधल्या काळात कृत्रिम स्तन वापरणाऱ्या पुष्कळ जणी आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही महागडा, कायमचा नमुना सुचवत नाही.

धूम्रपान, तंबाखू, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि खूप जास्त वजन यांनीही जखम भरणे लांबते, कारण कातडीच्या कडेला पुरेसे रक्त पोहोचत नाही. तंबाखू ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद हवी.

सिलिकॉनचे इम्प्लांट आयुष्यभराचे नसते. ते आतल्या आत फाटले तर बाहेरून कळत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सल्ला असा : पाच-सहा वर्षांनी पहिला एमआरआय किंवा सोनोग्राफी, नंतर दर दोन-तीन वर्षांनी. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती लसिकापेशींचा एक दुर्मीळ कॅन्सर आढळल्याने ॲलर्गन कंपनीचे 'बायोसेल' प्रकारचे इम्प्लांट २०१९ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. इम्प्लांटचे कार्ड जपून ठेवा. वर्षानुवर्षांनी एकाएकी एक बाजू सुजली तर ते घेऊन सर्जनकडे जा.

आणखी एक, जे फारसे कोणी सांगत नाही : पुनर्रचना केलेला स्तन बहुधा बधिर असतो. नुसती काढलेली बाजूही बधिर असते. तिथे गरम पाण्याची पिशवी किंवा शेकण्याची गादी ठेवली, तर भाजल्याचे कळतच नाही आणि फोड येतात. त्या बाजूला शेक घेऊ नका.

कृत्रिम स्तन कधी आणि कसा

पहिले काही आठवडे फक्त कापसासारख्या भरणाचा हलका स्तन वापरा. जखमेतले पाणी काढणारी नळी निघालेली असावी, टाक्यांवर दाब नसावा. हा हलका असल्याने वर सरकतो. ब्राच्या खालच्या कडेला आतून एक टाका घाला, जागेवर राहील. सिलिकॉनचा स्तन साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, जखम पूर्ण भरल्यावर आणि सर्जनने होकार दिल्यावर. जखमेखाली पाणी साठत असेल तर थांबा, कारण ते ओसरले की माप बदलते. रेडिएशन चालू असताना सैल सुती कपडाच बरा. कातडीचा दाह रेडिएशन संपल्यावर आठवडा-दोन आठवडे वाढतही राहतो. तो शमून कातडी शांत झाल्याशिवाय सिलिकॉन लावायचा नाही, आणि थेट अंगाला चिकटणारा प्रकार तर मुळीच नाही.

माप घेताना सुरुवात ब्रापासून होते, स्तनापासून नाही. आधी शिल्लक असलेल्या बाजूला नीट बसणारी ब्रा निवडतो, मग दुसऱ्या बाजूचा खिसा भरेल असा आकार. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर बसली पाहिजे, म्हणजे कापड ढिले पडले की आतले हुक कामी येतात. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, खांद्याच्या पट्टीखाली एक. मधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला हवा. तो अधांतरी राहिला तर वाकताना स्तन मधे घसरतो. पाठीमागे पट्टा वर चढत असेल तर दोष खांद्याच्या पट्टीचा नसतो. घेर मोठा झालेला असतो, आणि मग सगळे वजन खांद्यावर येते. काखेतल्या गाठी काढलेल्यांनी हे विशेष सांभाळावे. अरुंद पट्टी खांद्यात रुतून हाताकडचा प्रवाह अडू नये म्हणून आम्ही रुंद, गादीची पट्टी देतो. हात वर जात नसेल तर पुढून हुक लागणारी ब्रा घ्या.

आरशात समोरून सारखे दिसले म्हणजे झाले नाही. बाजूने बघा, वरून खाली बघा, वाका, दोन्ही हात वर करा, खुर्चीत बसा. त्रिकोणी आकार बहुतेकींना चालतो. काखेकडचा मांसल भाग गेला असेल तर त्या बाजूला लांबलेला डावा किंवा उजवा खास नमुना लागतो. गाठच काढली असेल आणि खळगा पडला असेल, तर पूर्ण स्तनाऐवजी पातळ वाटीसारखा अर्धा भाग पुरतो. पूर्ण वजनाचा स्तन जड वाटला तर हलक्या सिलिकॉनचाही असतो. ज्यांचा हात सुजतो त्यांना आम्ही तोच देतो. 'स्तन लावला नाही तर पाठीला बाक येईल' असे कोणी सांगितले, तर त्या भीतीने विकत घेऊ नका. त्याबाबतचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, टिपून कोरडा करा, त्याच्याच खोबणीच्या डब्यात ठेवा. घडी घातली की कडेची पातळ कातडी चिरते. सेफ्टी पिन, ब्रोच, शिवणाची सुई आणि मांजराची नखे ही फुटण्याची नेहमीची कारणे. छिद्र पडले तर आतले जेल सांडत नाही, पण चिकट लागते. तात्पुरती चिकटपट्टी लावा आणि बदलून घ्या. पोहून आल्यावर क्लोरीनचे पाणी लगेच धुऊन काढा. स्तनाखाली घामाने लाल चट्टे उठले तर पावडरीचे थर देऊ नका. सुती खिसा रोज बदला, तरी खाज राहिली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, बहुधा बुरशी असते.

साधारण दोन वर्षांनी स्तन बदलावा लागतो. त्याआधी वजन चार-पाच किलोने बदलले तर माप पुन्हा घ्या. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना असे होते. येताना अंगाला घट्ट बसणारा एक टॉप आणि रोजची ब्रा आणा. व्रणाच्या जागी नवी गाठ, न भरणारी जखम, कातडीवर कडक लाल पट्टा, किंवा हात एकाएकी लाल, गरम आणि तापासह सुजलेला असेल, तर मापाची वेळ रद्द करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.