थंड समुद्रात लार्वा नसतात? असं नाहीये!

हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला फिरताना परवा परत तेच ऐकलं, की ध्रुवाकडच्या समुद्रात लार्वा, म्हणजे समुद्री जीवांची अंड्यातून निघालेली इवली पिल्लं, तरंगतच नाहीत, तिथले सगळे जीव पिल्लं अंगाशीच वाढवतात. अहो, हे अर्धवट आहे. डेन्मार्कचे समुद्रजीव अभ्यासक गुन्नार थॉर्सन यांनी १९५० साली मांडलं की ध्रुवाकडे जावं तसं तरंगत, खात वाढणाऱ्या लार्वांच्या जाती कमी होतात, आणि समुद्री गोगलगायींच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंय. पण कमी म्हणजे शून्य नाही ना! अंटार्क्टिकाच्या उथळ पाण्यात जे भरपूर दिसतात, तो ओडोन्टास्टर तारामासा, स्टेरेकायनस सी अर्चिन (काटेरी चेंडूसारखा जीव), त्यांचेच लार्वा महिनोन्महिने तरंगत असतात, कारण शून्याखाली जवळपास २ अंशांपर्यंत उतरणाऱ्या पाण्यात वाढच फार हळू होते.