'शेजारी' आणि 'पडोसी': ती अदलाबदल नेमकी कुठल्या सिनेमातली?

व्ही. शांतारामांच्या 'शेजारी'चा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, "त्यात मुसलमानाचं काम हिंदू नटाने केलं होतं आणि हिंदूचं मुसलमान नटाने." किस्सा खरा आहे, पण तो 'पडोसी'चा, म्हणजे त्याच कथेवरच्या हिंदी चित्रपटाचा.

घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही चित्रपट १९४१ सालचे, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे. कथा विश्राम बेडेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचं. त्यामुळे 'पडोसी' म्हणजे 'शेजारी'चं हिंदी डबिंग, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. एकच कथा मराठीत आणि हिंदीत वेगवेगळी चित्रित करायची, हा प्रभातचा बोलपटाच्या सुरुवातीपासूनचा शिरस्ता. १९३२ला 'अयोध्येचा राजा' आणि 'अयोध्या का राजा', १९३७ला 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', १९३९ला 'माणूस' आणि 'आदमी'. म्हणजे नटांनी तोच प्रसंग दुसऱ्या भाषेत पुन्हा उभा करायचा.

कथेचा गाभा दोन्हीकडे सारखा. एका गावात दोन म्हातारे शेजारी, एक हिंदू, एक मुसलमान. पिढीजात घरोबा, बुद्धिबळाचा पट मांडून एकमेकांवर कुरघोड्या करणं हा लाडका उद्योग. धरण बांधायला आलेल्या उद्योगपतीला गावाची ही एकजूट नडते, म्हणून तो या दोन घरांत काडी लावतो. बेडेकरांची हुशारी इथे दिसते: भांडणाला धर्माचा रंग चढतो, पण त्याची सुरुवात जमीन आणि पाण्यापासून होते. शेवटी धरण फुटतं आणि दोघे मित्र हातात हात घेऊन मरतात.

आता फरक. 'शेजारी'त हिंदू शेजारी आहे जिवबा आणि ते काम केशवराव दात्यांचं. 'पडोसी'त त्याचा ठाकूर होतो आणि तिथे मझहर खान येतात. मुसलमान शेजारी मिर्झा मात्र दोन्हीकडे गजानन जागीरदारच. म्हणजे मराठीत दोन्ही म्हातारे हिंदू नटांनी उभे केले, आणि पुरती अदलाबदल झाली ती फक्त हिंदीत.

कोणी म्हणेल, दात्यांना हिंदी जमत नसेल म्हणून दुसरा नट घेतला. पण 'कुंकू'तले वयस्क काकासाहेब त्यांनीच केले होते आणि 'दुनिया न माने'तलेही त्यांनीच. 'माणूस' आणि 'आदमी'तही शाहू मोडक आणि शांता हुबळीकर ही जोडी कायम होती. म्हणजे या चित्रपटांत तरी प्रभातने नायक बदलले नव्हते. तेव्हा मझहर खान यांची निवड जाणूनबुजून केलेली दिसते, निदान माझं मत तरी तसंच आहे. मार्च १९४०मध्ये मुस्लिम लीगने मुसलमानांसाठी वेगळ्या राष्ट्राची मागणी करणारा लाहोर ठराव केला होता. अशा हवेत देशभर जाणाऱ्या हिंदी चित्रपटातला ठाकूर मुसलमान नटाने करणं हे पडद्याबाहेरचं विधान होतं. कथा न कळणाऱ्यालाही नुसती श्रेयनामावली वाचून ते कळावं.

'शेजारी'ला हा आधार नाही, सगळा भार अभिनयावर. आणि तिथे दाते-जागीरदार जोडी मला जास्त भावते. एकमेकांना टोमणे मारणारे दोन हट्टी म्हातारे इतके सहज वाटतात की पुढची फूट जास्त लागते.

गाण्यांतही असाच फरक आहे. गीतकार शांताराम आठवल्यांचं 'लख लख चंदेरी तेजाची न्यारी दुनिया' मराठी घरांत अजून गुणगुणलं जातं, पण ते 'शेजारी'तलं. 'पडोसी'ची गाणी हिंदीत वेगळी लिहिली गेली. तिथल्या 'काका अब्बा बडे खिलाडी'त या दोन बुद्धिबळपटूंची गोड थट्टा आहे.

यानंतर व्ही. शांतारामांनी प्रभात सोडली आणि १९४२मध्ये राजकमल ही स्वतःची चित्रसंस्था काढली. प्रभातचा स्टुडिओ मात्र आजही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे.

दोन्ही बघायचे असतील तर आधी 'शेजारी' बघा, म्हणजे मझहर खानांना पाहताना नेमकं काय बदललं ते डोळ्यांत भरेल. आणि शोधताना 'पडोसी' हेच नाव नीट टाका, नाहीतर समोर येईल 'पडोसन'. तो १९६८चा, आणि त्यात भांडण आहे ते गाण्याच्या जुगलबंदीचं!