पूरक व पर्यायी संवाद : लहान मुलांना ओळख

तोंडाने बोलणे जमत नसेल किंवा पुरेसे पडत नसेल, तेव्हा हातवारे, चित्रफलक, अक्षरपाटी, नजरेची खूण किंवा बोलणारे यंत्र वापरून केलेल्या संवादाला पूरक व पर्यायी संवाद म्हणतात. शाळांत आणि उपचारकेंद्रांत 'एएसी' हे इंग्रजी लघुरूपच जास्त चालते. ही नोंद मुख्यतः अशा मुलाच्या वर्गमित्रांना आणि भावंडांना, म्हणजे साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांना, ही पद्धत कशी समजावतात याविषयी आहे. बधिर समाजाची भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे; तिला 'पर्याय' म्हणून इथे गुंडाळणे योग्य नाही.

मुले थेट विचारतात : 'तो अजून बाळ आहे का?', 'तिला ऐकू येत नाही का?', 'मलापण तसं होईल?' मोठी माणसे बहुधा 'असं विचारू नये' म्हणून गप्प करतात, आणि त्यातून ही काहीतरी लाजेची गोष्ट आहे एवढेच मूल शिकते. खरे, छोटे उत्तर जास्त उपयोगी पडते : त्याला सगळे कळते, पण जीभ आणि ओठ त्याचे ऐकत नाहीत, हे सर्दीसारखे एकाचे दुसऱ्याला होत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे) असलेल्या अनेक मुलांबाबत हे उत्तर अचूक आहे. स्वमग्न किंवा तोतरे बोलणाऱ्या मुलाची अडचण वेगळी असते, म्हणून सर्वांना एकच उत्तर देऊ नये. 'त्याला बोलता येत नाही' याऐवजी 'तो पाटीवर बोट ठेवून बोलतो' असे म्हटले, की ऐकणाऱ्या मुलाला आपण काय करायचे तेही कळते : पाटीकडे बघायचे.

समजावण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे करून बघणे. मधल्या सुट्टीत पाच मिनिटे कोणीही तोंडाने बोलायचे नाही, डब्यातली चटणी फक्त खुणेने मागायची, असा खेळ घेतला की अडचण मुलांच्या लगेच ध्यानात येते. त्यानंतर शिकवायची खरी गोष्ट म्हणजे थांबणे. फलकावर बोट पोचायला वेळ लागतो. मधेच वाक्य पुरे करायचे नाही, आणि 'याला काय हवंय?' हे त्याच्या आईला नव्हे, त्यालाच विचारायचे. बोलणाऱ्या मुलांनी आणि बाईंनीही बोलताबोलता त्याच फलकावर बोट ठेवावे, असे वाचा-भाषातज्ज्ञ आवर्जून सांगतात. जी खूण दुसरे कोणी वापरताना दिसत नाही, ती शिकणार कशी?

पालकांची मोठी भीती असते की चित्रे हातात दिली तर मूल बोलणारच नाही. महाराष्ट्रात बोलणे लवकर यावे म्हणून बाळगुटीत वेखंड उगाळून देण्याची रीत आहे, त्यामुळे ही काळजी घरोघरी ओळखीची आहे. उपलब्ध संशोधनाने मात्र चित्रांविषयीच्या या भीतीला आधार दिलेला नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात काटेकोर पुराव्याच्या २७ मुला-माणसांपैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते.

चित्रखुणांच्या वापराचा एक महत्त्वाचा टप्पा टोरांटोचा. तिथल्या अपंग मुलांच्या केंद्रात १९७१ पासून शर्ली मॅकनॉटन यांनी चार्ल्स ब्लिस यांची चिन्हे न बोलणाऱ्या मुलांना दिली. ब्लिस यांनी ती सर्व मानवजातीसाठी लेखनपद्धती म्हणून योजली होती. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात मॅकेटॉन ही खुणांची पद्धत आली. तिथे २००३ पासून बीबीसीच्या बालवाहिनीवरील एका कार्यक्रमामुळे बोलणारी मुलेही तिच्या खुणा सहज करू लागली. भारतात चेन्नईतले 'आवाज' आणि मुंबईच्या आयआयटीतले 'जेलो' ही अ‍ॅप्स आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 'संवादा'च्या व्याख्येतच या पद्धती घेतल्या आहेत.

मराठी फलक हे इंग्रजी फलकाचे भाषांतर असून चालत नाही. चेंडू 'हवा', पोळी 'हवी', पाणी 'हवं' : एका चित्राखाली कोणता शब्द लिहायचा? मुलीच्या यंत्राने 'मी जातो' म्हटले तर वर्ग हसतो आणि ती यंत्र बाजूला ठेवते. उलट 'नको' हा एकच शब्द मराठीत केवढे काम करतो! चेंडू, पोळी, पाणी, काहीही नाकारायला तोच पुरतो. म्हणून तो फलकावर मोठा आणि हाताशी हवा. नकार देता येणे ही मुलाची पहिली सत्ता असते.

मोठ्यांनी बनवलेल्या फलकांवर पाणी, भूक, शू, दुखतंय एवढेच असते. एवढ्यावर गरजा भागतात, मैत्री होत नाही. लपाछपीत राज्य कोणावर, 'टाइम प्लीज', 'माझा नंबर', 'तू चिडकास', कट्टी, बट्टी हे शब्द फलकावर आले की बाकीची मुले स्वतःहून जवळ येतात आणि भांडणेही बरोबरीने होतात. हे शब्द वर्गातल्या मुलांनाच विचारून घ्यावेत. खेळ बदलला की पुन्हा विचारावेत.