कमांड लाइनवरून सॉफ्टवेअर चाचण्या चालवणे

सॉफ्टवेअरसाठी लिहिलेल्या चाचण्या (ते बरोबर चालते का हे पाहणारे छोटे प्रोग्राम) शोधून काढणे, त्यांतल्या हव्या त्या निवडणे, चालवणे आणि निकाल कळवणे ही सगळी कामे टर्मिनलवर दिलेल्या एका कमांडने करून घेण्याची पद्धत. ती कामे करणाऱ्या साधनाला टेस्ट रनर म्हणतात. पायथनमध्ये पायटेस्ट आणि युनिटटेस्ट, गो भाषेत ‘गो टेस्ट’, रस्टमध्ये ‘कार्गो टेस्ट’, पर्लमध्ये ‘प्रूव्ह’, जावास्क्रिप्टमध्ये जेस्ट आणि सीमेक या बिल्ड-साधनाबरोबर येणारे सीटेस्ट हे नेहमीच्या वापरातले रनर होत. एडिटरमधले हिरवे बटण दाबले तरी आत बहुधा यांपैकीच कोणीतरी चालत असतो. फरक एवढाच, की बटण दाबायला माणूस लागतो आणि कमांड रात्री दोन वाजता सर्व्हरही देऊ शकतो.

इंदुरात हे काम करणाऱ्यांची वाण नाही. श्री गोविंदराम सेकसरिया संस्था १९५२ पासून अभियंते घडवते आहे, आयआयटी २००९ मध्ये आली, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची संकुले उभी आहेत. या नोंदीतली उदाहरणे मात्र वेगळ्याच कारणासाठी इंदूरची घेतली आहेत. या शहरात एकाच दिवसाला दोन महिन्यांची नावे असतात. मराठी घरात महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी घरात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे जमते, वद्य पक्षात शेजारी एक महिना पुढे गेलेला असतो. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, त्यांची भादो बदी अष्टमीला, आणि दिवस एकच. अमांत तिथीवरून पूर्णिमांत नाव सांगणारा प्रोग्राम लिहायला दहा ओळी पुरतात. तो बरोबर आहे हे दाखवायला त्याहून बऱ्याच जास्त लागतात.

पूर्वपीठिका

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्याबरोबर चाचण्यांचा एक साधा संचही होता. प्रत्येक चाचणी ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ आणि क्रमांक छापायची, आणि एक छोटी स्क्रिप्ट त्या ओळी मोजायची. आरंभीच एकूण किती चाचण्या अपेक्षित आहेत ते सांगण्याची रीत होती, त्यामुळे प्रोग्राम मध्येच गप्प झाला तर लगेच कळे. या रीतीचेच पुढे टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल, म्हणजे टॅप, झाले. दुसरी परंपरा केंट बेक यांच्या एसयुनिटची. ते १९९४ च्या सुमारास स्मॉलटॉक भाषेसाठी लिहिले गेले. १९९७ मध्ये बेक आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात जावासाठी जेयुनिट लिहायला घेतले. त्याच घराण्यातले युनिटटेस्ट २००१ मध्ये पायथन २.१ बरोबर आले. जेयुनिटचे नाव आज जावा न लिहिणाऱ्यांनाही भेटते, कारण त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक्सएमएल अहवाल बहुतेक रनर काढू शकतात आणि बिल्ड सर्व्हर, म्हणजे कोड आपोआप बांधून तपासणारी यंत्रे, तो वाचतात.

शोध आणि निवड

रनरला चाचण्यांची यादी हाताने द्यावी लागत नाही, तो नावावरून ओळखतो. पायटेस्टला ‘टेस्ट अंडरस्कोर’ने सुरू होणारी किंवा ‘अंडरस्कोर टेस्ट’ने संपणारी फाइल लागते, गोला ‘अंडरस्कोर टेस्ट डॉट गो’. सोय मोठी, पण तिच्या पोटात एक चोरवाट आहे. फाइलचे नाव एका अक्षराने चुकले तर चाचणी फेल होत नाही, ती दिसतच नाही. बाकी सगळ्या पास होतात आणि पडदा हिरवा राहतो. म्हणून अनुभवी माणूस निकालाआधी आकडा पाहतो: काल इतक्या टेस्ट होत्या, आज किती?

निवडीसाठी पायटेस्टमध्ये ‘हायफन के’ हा पर्याय नावातल्या शब्दावरून चाचण्या गाळून घेतो, ‘हायफन एम’ लावलेल्या खुणेवरून, आणि ‘हायफन एक्स’ पहिल्याच फेलला थांबतो. ‘लास्ट फेल्ड’ मागच्या खेपेस पडलेल्याच पुन्हा चालवतो. सीटेस्टमध्ये ‘हायफन आर’ आणि ‘रीरन फेल्ड’ ही तशीच कामे करतात. दुरुस्ती चालू असताना हे पर्याय अमूल्य आहेत. काम संपल्यावर मात्र संपूर्ण संच एकदा चालवावाच लागतो, कारण एक जागा दुरुस्त करताना दुसरी मोडलेली असते आणि ती ‘मागच्या खेपेस पडलेल्यां’च्या यादीत नसते. गो याबाबतीत आपणहून वेळ वाचवतो. कोड बदललेला नसेल तर जुनाच निकाल ‘कॅश्ड’ असा शिक्का मारून दाखवतो. चाचणी बाहेरच्या डेटाबेसवर अवलंबून असेल तर डेटाबेसमधला बदल त्याला कळत नाही, तेव्हा ‘काउंट’ या पर्यायाला १ ही किंमत देऊन चाचणी नव्याने चालवायला लावतात.

तिथीचे उदाहरण

वर सांगितलेल्या प्रोग्रामचा सरळ नियम असा: शुद्ध पक्ष असेल तर महिना तोच, वद्य असेल तर पुढचा. पायटेस्टमध्ये यासाठी एकच चाचणी लिहून तिला ओळींचा तक्ता जोडता येतो. प्रत्येक ओळ स्वतंत्र टेस्ट म्हणून मोजली जाते, त्यामुळे एक पडली तरी बाकीच्यांचे निकाल मिळतात. पहिल्या ओळी सुचायला सोप्या आहेत. भाद्रपद शुद्ध चतुर्थीची गणेश चतुर्थी दोन्हीकडे भाद्रपदातच. आपले आश्विन अमावास्येचे लक्ष्मीपूजन तिकडे कार्तिक अमावास्येला. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तिकडे फाल्गुनात. तिन्ही पास होतात आणि लिहिणारा खूश होतो.

मग रंगपंचमी येते. राजवाड्याच्या परिसरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तो दिवस आपल्याकडे फाल्गुन वद्य पंचमी. फाल्गुन बारावा, त्यात एक मिळवला की तेरावा, आणि तेरावा महिना यादीत नाही, म्हणून प्रोग्राम कोसळतो. उत्तर चैत्र हवे. ‘बारानंतर पुन्हा एक’ अशी दुरुस्ती करताना हात सहज वर्षही पुढे ढकलतो, आणि तीही चूकच. हिंदी पंचांगात चैत्र लागला तरी विक्रम संवत् चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच बदलते. तेव्हा या एका सणासाठी तक्त्यात महिन्याबरोबर वर्षही तपासले पाहिजे.

याहून अवघड ओळ २०२३ ची. त्या वर्षी १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण होता. पूर्णिमांत गणनेत अधिक महिना निज, म्हणजे नेहमीच्या, महिन्याच्या दोन पक्षांमध्ये येऊन बसतो. आधी निज श्रावणाचा कृष्ण पक्ष, मग अधिकाचे दोन्ही पक्ष, शेवटी निजाचा शुक्ल पक्ष. म्हणून हिंदी घरांत सावन ४ जुलैलाच लागला आणि जवळजवळ दोन महिने चालला. प्रोग्रामच्या दृष्टीने अडचण अशी, की अधिक श्रावणाच्या वद्य पक्षाचे नाव दोन्ही पद्धतींत तेच राहते. ‘वद्य असेल तर पुढचा महिना’ हा नियम इथे भाद्रपद सांगतो आणि साफ चुकतो. २०२२ च्या कुठल्याही तारखेवर ही चूक सापडली नसती. रनर कितीही चांगला असो, ही ओळ तक्त्यात घालण्याचे काम तो करत नाही. त्यासाठी पंचांग उघडून बसणारे कोणीतरी लागते, आणि इंदुरातल्या घरात ते आजीच्या रूपाने बहुधा उपलब्ध असते.

एक्झिट कोड

माणसासाठी रनर रंगीत ओळी छापतो. यंत्रासाठी त्याचे उत्तर म्हणजे एक्झिट कोड, प्रोग्राम संपताना ऑपरेटिंग सिस्टिमकडे देऊन जातो तो लहानसा आकडा. शून्य म्हणजे सारे ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड. बिल्ड सर्व्हर पुढचे पाऊल टाकायचे की थांबायचे ते यावरच ठरवतो, त्याला हिरवे-लाल कळत नाही. आपल्या मते रनरचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि शिकवताना सर्वांत कमी वेळ यालाच मिळतो.

युनिक्सच्या परंपरेत हा आकडा ८ बिटांचा, म्हणजे ० ते २५५. कोणी हौसेने ‘जितक्या फेल तितका कोड’ अशी स्क्रिप्ट लिहिली तर बरोबर २५६ चाचण्या पडल्यावर ती शून्य परत करते आणि सर्व्हर आनंदाने पुढे जातो. पर्लच्या चाचणी-मॉड्यूलने हे ओळखून मर्यादा घातली आहे. त्यात २५४ च्या वर कितीही पडल्या तरी कोड २५४ च, आणि चाचणी मध्येच मेली तर २५५. पायटेस्ट मोजदादीच्या फंदात पडत नाही. त्याचा ० म्हणजे सर्व पास, १ म्हणजे काही फेल, २ म्हणजे मध्येच थांबवले, ३ म्हणजे रनरमध्येच अंतर्गत बिघाड, ४ म्हणजे कमांड चुकीची दिली, आणि ५ म्हणजे एकही चाचणी सापडली नाही.

हा पाच फार शहाणपणाचा आहे. युनिटटेस्टला तो २०२३ मध्ये पायथन ३.१२ बरोबर मिळाला. त्याआधी शून्य चाचण्या चालवून ते खुशाल ‘ओके’ म्हणत असे. सीटेस्ट आजही रिकामा संच मूळ मांडणीत यश मानतो; तसे नको असेल तर ‘नो टेस्ट्स’ हा पर्याय ‘एरर’वर ठेवावा लागतो.

दुसरा सापळा पाइपचा. निकाल पडद्यावरही दिसावा आणि फाइलमध्येही जावा म्हणून रनरचे आउटपुट ‘टी’ कमांडकडे वळवले, की शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडचा कोड धरते. ‘टी’ने फाइल नीट लिहिली, म्हणून कोड शून्य. चाचण्या पडल्याचे कोणालाच कळत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘पाइपफेल’ चालू केले की हे थांबते.

देवनागरी आणि घड्याळ

मराठी मजकूर तपासणाऱ्या चाचण्यांत एक फेल फार छळतो: अपेक्षित आणि मिळालेले दोन्ही शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे, तरी तुलना खोटी. ‘दुसऱ्या’ हा शब्द तीन तऱ्हांनी साठवता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात र आणि खाली नुक्ता, तिसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या रीतीने, पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे तसेच राहते आणि त्याची सोय वेगळी करावी लागते.

पायटेस्ट तक्त्यातल्या ओळींना नावे देताना देवनागरी अक्षरे मूळ मांडणीत उलट्या तिरप्या रेषेच्या सांकेतिक रूपात बदलून छापते, त्यामुळे कोणता सण पडला ते वाचता येत नाही. हे बंद करण्याची एक सेटिंग आहे, आणि तिच्या लांबलचक नावातच लिहिले आहे की ती वापरणाऱ्याने समुदायाकडून मदत मिळण्याचे सर्व हक्क सोडले. विनोद आहे, पण इशाराही आहे. ओळींना रोमन लिपीतली लेबले हाताने देणे हा कमी कटकटीचा मार्ग.

तारखांच्या चाचण्या इंदुरातल्या लॅपटॉपवर पास आणि सर्व्हरवर फेल, असे झाले तर आधी घड्याळ पाहावे. बिल्ड सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या हिशेबाच्या जागतिक वेळेवर, चालतात, भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे नवी तारीख असते आणि सर्व्हरकडे कालची. ‘आज’ विचारणारी चाचणी त्या वेळात पडते आणि सकाळी ऑफिस उघडेपर्यंत आपोआप बरी होते. गंमत अशी, की प्राचीन ज्योतिषग्रंथांत ज्या उज्जयिनीची मध्यरेषा शून्य धरली होती तिच्या अगदी लगतच इंदूर आहे, तरी इथल्या प्रोग्रामरला हिशेब ग्रीनिचचा करावा लागतो. उपाय सोपा: प्रोग्रामने घड्याळाकडे स्वतः बघू नये, तारीख बाहेरून द्यावी.

बेभरवशाच्या चाचण्या

कोड तोच, तरी कधी पास कधी फेल, अशा चाचणीला फ्लेकी म्हणतात. गूगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार त्यांच्याकडे सुमारे १.५ टक्के चाचणी-फेऱ्यांचा निकाल असा येई, आणि जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत थोडाबहुत हा दोष होता. कारणे नेहमीचीच: घड्याळ, नेटवर्क, एकाच फाइलवर दोघांचे लिहिणे. कार्गो चाचण्या मुळातच समांतर धाग्यांवर, म्हणजे एकाच वेळी अनेक, चालवतो, त्यामुळे सामायिक फाइल वापरणाऱ्या चाचण्या तिथे लवकर उघड्या पडतात. खात्री करायला धागा एकच ठेवून पाहतात. पडलेली चाचणी रनरकडून आपोआप पुन्हा चालवून घेणे ही लोकप्रिय सोय आहे, पण तिने पास झालेली चाचणी अहवालात वेगळी दिसली नाही तर रोग फक्त झाकला जातो.

क्रमावर अवलंबून असलेल्या चाचण्या याच जातीच्या. पहिलीने डेटाबेसमध्ये टाकलेली ओळ दुसरीला लागते, आणि दुसरी एकटी चालवली की पडते. गो १.१७ पासून ‘शफल’ हा पर्याय चाचण्यांचा क्रम पिसतो आणि पिसण्यासाठी वापरलेला आकडा छापतो. तोच आकडा पुन्हा दिला की तोच क्रम मिळतो आणि पडलेली चाचणी पुन्हा तशीच पाडून पाहता येते.